टीपीसी स्कॉट्सडेलचा स्टेडियम कोर्स: कमी पल्ल्याच्या खेळाडूने कसा खेळावा

सोळाव्या होलवर फोटो काढायचा म्हणून बाहेरगावचे पाहुणे ॲरिझोनातल्या फिनिक्सजवळच्या या गोल्फ कोर्सवर येतात. मला विचाराल तर इथले पैसे वसूल होतात ते अकराव्या, पंधराव्या आणि सतराव्या होलवर. बॉल कुठे मारायचा हे नंतर, कुठे मारायचा नाही हे आधी, असा हिशेब तिथे करावा लागतो. हा हिशेब ज्याला जमतो त्याच्या हातात ताकद कमी असली तरी इथे चांगला स्कोअर होतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण या कोर्सबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक तीनशे यार्ड मारणाऱ्यांच्या नजरेतून असतं.

मी फिनिक्सजवळच चँडलरला राहते, वय साठीच्या पुढे, हँडिकॅप २२, म्हणजे फेरीला ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण बावीस जास्त लागतात. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब जाणारा क्लब, नीट लागला तर घरंगळणं धरून १६५ यार्ड, हवेतला पल्ला म्हणजे कॅरी १४५ च्या आसपास. पुढच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या पुढच्या जागेवरून, खेळते. पुढे जे सांगणार आहे ते या आकड्यांच्या हिशेबाने वाचा. तुमचा पल्ला जास्त असेल तर आकडे बदला, विचार तोच ठेवा.

कोर्स १९८६ चा. टॉम वायस्कॉफ आणि जे मॉरिश या दोघांनी तो आखला. मागच्या टीवरून ७,२६१ यार्ड, पार (अपेक्षित फटके) ७१. मुळात ही जागा सपाट. होलच्या कडेला दिसणारे उंचवटे प्रेक्षकांना बसून खेळ दिसावा म्हणून माती उपसून केलेले आहेत, ‘स्टेडियम’ हे नाव त्यावरूनच पडलं. २०१४ मध्ये वायस्कॉफने स्वतः येऊन दुरुस्ती केली, चार ग्रीन (झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) हलवली, बंकर म्हणजे वाळूचे खड्डे नव्याने बांधले. हा सार्वजनिक कोर्स आहे, म्हणजे सभासद नसलात तरी पैसे भरून खेळता येतं. हिवाळ्याच्या ऐन हंगामात मात्र माणशी चारशे डॉलरच्या वर तयारी ठेवा. कडक उन्हाळ्यात दर निम्म्याहून खाली येतो, पण तेव्हा पहाटेचीच वेळ घ्यावी लागते.

आधी वाळवंटाबद्दल, कारण नवखा माणूस इथे पाण्याला घाबरतो आणि वाळवंटाला हलक्यात घेतो. फिनिक्सच्या परिसरात पाण्याचं बंधन असल्यामुळे १९८० च्या दशकापासून नव्या कोर्सना साधारण ९० एकरांपुरतीच हिरवळ ठेवायची परवानगी आहे. म्हणून आमच्याकडचे कितीतरी कोर्स बेटांसारखे दिसतात: टीचा तुकडा, मध्ये काटेरी रान, मग फेअरवे (कापलेल्या गवताची मुख्य वाट), पुन्हा रान, मग ग्रीन. त्या मानाने स्टेडियम कोर्स बराच ऐसपैस आहे. फेअरवे रुंद आहेत आणि बॉल थोडा वाकडा गेला तरी लगेच काट्यात जात नाही. खूप वाकडा गेला तर मात्र जातो, आणि तिथली जमीन म्हणजे मऊ वाळू नव्हे. वर बारीक खडी आणि खाली कलीची, म्हणजे चुन्याने सिमेंटसारखा घट्ट झालेला थर. सँड वेज या वाळूतल्या क्लबचं तोंड उघडून बंकरसारखा फटका मारलात तर क्लबचा तळ त्या थरावर आपटून उसळतो आणि बॉल थेट समोरच्या झुडपात जातो. इथे आठ किंवा नऊ नंबरची आयर्न (पातळ धातूचा क्लब) घ्यायची, बॉल मागच्या पायाकडे ठेवायचा, अर्धाच स्विंग करायचा आणि आधी बॉल, मग जमीन. ग्रीनकडे बघायचंच नाही, सगळ्यात जवळचं गवत कुठे आहे ते बघायचं. आमच्याकडचे जुने खेळाडू बॅगेत एक जुनाट आयर्न खास याच कामासाठी ठेवतात, दगडावर घासून चांगल्या क्लबची वाट लागू नये म्हणून. मीही ठेवते.

त्या आयर्नबरोबर बॅगेत एक साधा मोठ्या दातांचा प्लॅस्टिकचा कंगवा असू द्या. चोया नावाचं निवडुंग इथे भरपूर. त्याला ‘उडणारं’ म्हणतात, पण ते उडत नाही. नुसता बूट घासला तरी त्याचा गोळा तुटून चिकटतो. न्यू जर्सीहून आलेल्या माझ्या भाच्याच्या पोटरीला असाच एक चिकटला आणि तो हाताने उपटायला निघाला. मी त्याचा हात धरला. काट्यांना बारीक आकडे असतात, हाताने ओढलं की तो गोळा बोटांना लागतो आणि मग दोन जागी काटे. कंगवा गोळा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवायचा आणि एका झटक्यात बाहेरच्या दिशेने उडवायचा. उरलेले एकेकटे काटे नंतर चिमट्याने.

नियमही माहीत असू द्या, कारण वाळवंटात ते स्ट्रोक वाचवतात. बॉलजवळ रॅटलस्नेक असेल तर दंड न घेता सुरक्षित जागी ड्रॉप मिळतो, म्हणजे बॉल तिथे टाकून खेळता येतो. निवडुंगासाठी तशी सूट नाही, नियमात तसं स्पष्टच म्हटलेलं आहे. निवडुंगावर टॉवेल टाकून उभं राहणंही चालत नाही, टॉवेल स्वतःच्या अंगाला गुंडाळलात तर चालतं. सुटे दगड बाजूला करता येतात, बॉल हलता कामा नये आणि दगड जमिनीत रुतलेला नसावा. या नियमाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण याच कोर्सवरचं: १९९९ मध्ये इथल्या फिनिक्स ओपन या व्यावसायिक स्पर्धेत तेराव्या होलवर टायगर वुड्सचा बॉल एका प्रचंड दगडामागे थांबला, पंचांनी तो दगड सुटा असल्याचं मान्य केलं, प्रेक्षकांतल्या काही जणांनी मिळून तो ढकलला आणि वुड्सने पुढे बर्डी (पारपेक्षा एक कमी) केली. आपल्यामागे तेवढी माणसं नसतात. बॉल खेळण्याजोगा नसेल तर एक दंड घेऊन दोन क्लबच्या लांबीइतक्या अंतरात ड्रॉप घ्यायचा हा मार्ग सगळ्यांना आठवतो, पण काट्यात दोन क्लब सरकून बहुधा काट्यातच पडायला होतं. आणि टीवरून मारलेला बॉल रानात हरवला अशी शंका आली की तिथेच दुसरा, प्रोव्हिजनल बॉल मारून ठेवा, पहिला सापडला नाही तर तो धरता येतो. आणि स्कोअरकार्डाच्या मागचे स्थानिक नियम वाचा. व्हॅलीतले, म्हणजे फिनिक्स परिसरातले, बरेच कोर्स रोजच्या खेळात वाळवंटाला लाल खुंट्यांनी आखलेल्या दंडाच्या जागेसारखं धरतात, म्हणजे बॉल आत गेला त्या कडेपासून ड्रॉप मिळतो.

पहिली नऊ होल मी थोडक्यात उरकते. ती वाईट नाहीत, तिथे डोक्याला फार ताण नाही एवढंच. पाचवं आणि आठवं ही लांब पार चार आहेत, मागून ४७० आणि ४७५ यार्ड. आमच्या टीवरूनही दोन फटक्यांत ग्रीन गाठणं कठीण. मी ही होल पार पाचच धरते. तिसऱ्या फटक्याला हातात वेज (जवळून उंच मारायचा क्लब) उरेल असा दुसरा फटका हायब्रिडने, म्हणजे लांब पल्ल्याच्या सोप्या क्लबने मारायचा आणि बोगीवर (पारपेक्षा एक जास्त) समाधान मानून पुढे जायचं. चौथं होल पार तीन, मध्ये वाळवंट. तिथे झेंड्यापर्यंतचं अंतर विसरून ग्रीनच्या मध्यापर्यंतचं अंतर धरा आणि एक क्लब जास्त, म्हणजे जरा लांब जाणारा घ्या. कमी पल्ल्याच्या खेळाडूचे वाळवंटात जाणारे निम्मे बॉल दिशा चुकल्यामुळे नव्हे, क्लब कमी घेतल्यामुळे जातात असं माझं ठाम मत आहे. जानेवारीच्या सकाळी तर नक्कीच. इथली उंची सुमारे १,५०० फूट असल्याने बॉल थोडा लांब जातो असं सांगतात आणि ते खरंही आहे, पण सकाळी साडेसातला हात गारठलेले असताना तो फायदा कुठेच दिसत नाही. दुपारच्या उन्हात दिसतो.

अकरावं होल. मागून ४७२ यार्ड, डाव्या बाजूने तळं. नजर आपोआप तळ्याकडे जाते आणि अंग त्याच्यापासून पळायला बघतं, मग बॉल फार उजवीकडे, रानात. माझा उपाय असा: उजव्या कडेचं एखादं ठरावीक झाड निवडायचं, त्याच्या थोडं डावीकडे तोंड करून उभं राहायचं आणि तळ्याकडे परत बघायचंच नाही. दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडे, उजवीकडे. खरा धोका तिसऱ्या फटक्यात आहे, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. उजवीकडून चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) करताना ग्रीनपलीकडे पाणी असतं. २०१९ च्या फिनिक्स ओपनच्या अंतिम फेरीत रिकी फाउलर या व्यावसायिक खेळाडूचा असाच छोटा फटका ग्रीनवरून घसरत पाण्यात गेला. त्याने ड्रॉप घेतला, बॉल थांबला, तो पुढे ग्रीन बघायला गेला आणि बॉल आपोआप घरंगळून पुन्हा पाण्यात गेला. सात मारून तो बाहेर पडला, तरी शेवटी स्पर्धा त्यानेच जिंकली. म्हणून मी इथे हवेत उंच चिप करतच नाही. ग्रीनच्या कडेवर असेन तर पटर (बॉल घरंगळवायचा क्लब), थोडी लांब असेन तर आठ नंबरने पुटसारखा हलका धक्का. झेंड्यापासून वीस फूट अलीकडे राहिला तर राहू दे.

बारावं पार तीन, पाणी उजवीकडे. उजव्या हाताने खेळणाऱ्या बहुतेक हौशी लोकांचा बॉल उजवीकडे वळतो, तेव्हा ग्रीनच्या डाव्या कडेवर नेम धरा. तेराव्याचा फेअरवे मध्येच दुभंगतो, मधोमध वाळवंटाची पट्टी आहे. टीवर चढण्याआधीच कुठल्या वाटेने जायचं ते पक्कं करा. ‘बघू, मधून जाईल’ म्हणणाऱ्यांचे बॉल त्या पट्टीत सापडतात.

पंधरावं पार पाच, मागून ५५३ यार्ड, आणि ग्रीनच्या भोवती पाणी. स्पर्धेतले व्यावसायिक खेळाडू दोन फटक्यांत ग्रीनवर जातात. आपण तीन फटक्यांत गेलो तरी उत्तम, पण कुठून जायचं यात सगळं आहे. बहुतेक जण दुसरा फटका जितका पुढे जाईल तितका मारतात आणि मग पाण्याच्या काठावरून चाळीस यार्डांचा अर्धवट वेज उरतो. अर्धवट फटका आणि समोर पाणी ही सगळ्यात वाईट जोडी. मी उलट्या बाजूने मोजते. मला पिचिंग वेज पूर्ण स्विंगने ७५ यार्ड जाते, थांबते आणि मी ती भरवशाने मारू शकते. तेव्हा ग्रीनच्या मध्यापासून ७५ यार्ड मागे माझा बॉल हवा. तिथून उलटं मोजून दुसऱ्या फटक्याचा क्लब ठरतो, कधी हायब्रिड, कधी सहा नंबर, आणि फटका उजव्या अंगाने, कारण फेअरवेच्या डावीकडेही पाणीच आहे. लांब मारता येत असताना मुद्दाम अलीकडे थांबायला सुरुवातीला जड जातं. पण त्या ७५ यार्डांवर उभं राहिलं की पाणी दिसत असूनही हात शांत असतात. या कोर्सवरचा माझा सगळ्यात आवडता फटका हाच.

आता ते प्रसिद्ध सोळावं. फेब्रुवारीच्या स्पर्धेत या एका होलभोवती वीस हजारांच्या आसपास माणसं बसतात आणि बॉल ग्रीनवर थांबला नाही तर हुर्यो उडवतात. १९९७ मध्ये टायगर वुड्सने इथे एका फटक्यात होल केलं, २०२२ मध्ये सॅम रायडर आणि कार्लोस ऑर्टिझ या दोघांनी एकाच आठवड्यात केलं. स्टँड दर वर्षी नव्याने उभारतात आणि नंतर उतरवतात. उन्हाळ्यात आलात तर तिथे फक्त एक टी, वाळवंट आणि ग्रीन, एवढंच दिसेल. निराश होऊ नका, उलट तेव्हा होल नीट कळतं. मागून १६३ यार्ड, पुढून बरंच कमी. ग्रीनच्या कडा उतरत्या, म्हणून कडेला पडलेला बॉल बंकरकडे ओढला जातो. मध्य आणि फक्त मध्य, झेंडा कुठेही असो. स्टँड उभे असताना खेळायचं असेल तर शरद ऋतूनंतरचं बुकिंग घ्या. रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध उभं राहून मारायला छाती धडधडते हे खरं आहे, आणि तो अनुभव एकदा जरूर घ्यावा.

सतरावं माझ्या मते कोर्सचा मुकुटमणी. वायस्कॉफला एका फटक्यात ग्रीन गाठता येईल अशा पार चारचं वेड होतं. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरून ही कल्पना त्याने उचलली आणि आपल्या कोर्समध्ये ती वापरत राहिला. इथे मागून ३३२ यार्ड, पाणी ग्रीनच्या डावीकडे आणि मागेही. २००१ मध्ये अँड्र्यू मॅगीने टीवरून मारलेला बॉल, पुढचा गट अजून ग्रीनवर असताना, टॉम बायरमच्या पटरला लागून थेट कपात गेला. पीजीए टूरवर पार चारच्या होलवर एका फटक्यात झालेलं ते एकमेव होल. हे ऐकून सगळे ड्रायव्हर काढतात. पण २०१६ बघा. फाउलर शेवटच्या फेरीत इथे ग्रीन ओलांडून पाण्यात गेला, मग बरोबरी सोडवायच्या प्लेऑफमध्ये सावधपणे तीन नंबरची वुड घेऊनही डावीकडे पाण्यात, आणि हिदेकी मात्सुयामा जिंकला. २०२२ मध्ये आपल्या भारतीय वंशाच्या साहिथ थीगलाचा चांगला लागलेला बॉल पुढच्या उतारावर पडून डावीकडे उसळला आणि पाण्यात गेला. आघाडीवर होता तो तेव्हा. टीव्हीसमोर मला अक्षरशः रडू आलं होतं.

भाच्याबरोबर खेळत होते तेव्हा तो इथे ड्रायव्हर हातात घेऊनच टीवर चढला.

“मावशी, मारू का सरळ?”

“किती जातो तुझा?”

“लागला तर दोनशे साठ-सत्तर.”

“आणि नाही लागला तर कुठल्या बाजूला जातो?”

“डावीकडे.”

“पाणी कुठल्या बाजूला आहे?”

त्याने दोन क्षण समोर बघितलं आणि ड्रायव्हर बॅगेत ठेवला. हायब्रिड उजव्या मध्यावर, नव्वदेक यार्डांचा वेज, दोन पुट, पार. माझी पद्धतही तीच, फक्त क्लब वेगळे. टीवरून ग्रीन गाठता येत नसेल तर या होलवर ड्रायव्हरने फायदा काहीच होत नाही, अर्धवट वेज मात्र गळ्यात पडतो. झेंडा डावीकडे असेल तर त्याच्या उजवीकडे वीस फूट मारायचं. दोन पुट लागतील, लागू देत.

अठरावं ४४२ यार्ड, टीवरून डावीकडे पाणी, उजवीकडे गवताच्या आडव्या वरंब्यांनी चिरलेले लांब बंकर. त्या बंकरांतून बाहेर पडायला आडवं मारावं लागतं, पण दंड पडत नाही. पाण्यात पडतो. म्हणून जायचंच असेल तर उजवीकडे जा. पुढच्या टीवरून पाण्याचा बराचसा भाग खेळात येत नाही, हे त्या टीवर उभं राहिल्यावर कळतं आणि मोठा दिलासा मिळतो.

टीची निवड करताना संकोच करू नका, विशेषतः पुरुषांनी. ड्रायव्हरचा कॅरी दोनशेच्या खाली असेल तर एक टी पुढे या. मी वर जे जे लिहिलं त्यातलं निम्मं मागच्या टीवरून खेळताच येत नाही.

ग्रीनबद्दल स्थानिक लोक सांगतात की पुट मॅकडॉवेल डोंगरांपासून दूर वळतो. सपाट दिसणाऱ्या पुटला हे खरं ठरतं, उघड उतार असेल तिथे डोळ्यांवर विश्वास ठेवा. हिवाळ्यासाठी पेरलेल्या राय गवतावर बॉल कमी घरंगळतो आणि ग्रीन सरळ वागतात. उन्हाळ्यात मूळचं बर्म्युडा गवत वर येतं, फेअरवे टणक होतात, सरळ मारलेला बॉलही पळत रानात जातो. तेव्हा टीवरून एक क्लब कमी घ्या.

बुकिंगबाबत एकच सांगते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास व्हॅलीतले कोर्स राय पेरण्यासाठी काही आठवडे बंद असतात, आणि उघडल्यावर लगेच खेळायला जाण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या एका कोर्सवर, नाव घेत नाही, पूर्ण दर घेऊन आम्हाला ओल्या, वाढलेल्या गवतात सोडलं होतं. कार्ट, म्हणजे खेळाडूंची छोटी गाडी, रस्त्यावरून हलवायची नाही, बॉल पडेल तिथे रुतलेला. फोन करून पेरणी कधी झाली आणि कार्ट फेअरवेवर नेता येते का, हे दोन प्रश्न विचारूनच पैसे भरा. माझी पसंती नोव्हेंबरची अखेर ते डिसेंबरचा मध्य, सकाळी दहाच्या आसपासची वेळ: ग्रीनवरचं दव गेलेलं असतं, सोळाव्याचे स्टँड बरेचसे उभे असतात आणि सतराव्यावर पोचता तेव्हा उजेड भरपूर असतो.